मिसिसिपीवरची मरतूक

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, ला क्रॉस शहराच्या थोडं वरच्या अंगाला, मिसिसिपी नदी पसरते आणि तिचं तळं होतं. त्याला लेक ओनालास्का म्हणतात. १९३७ साली ड्रेसबाख गावाजवळ सात नंबरचं धरण पूर्ण झालं, त्याच्या फुगवट्याखाली नदीकाठची कुरणं, झाडोरा आणि जुने फाटे गेले आणि हा उथळ, पाणवनस्पतींनी गच्च भरलेला जलाशय तयार झाला. उत्तरेच्या दलदलींत वीण घालणारी आणि हिवाळ्यात मेक्सिकोच्या आखाताकडे सरकणारी बदकं वर्षातून दोनदा इथे उतरतात. वसंतात बर्फ फुटल्यावर एकदा आणि सप्टेंबरअखेरपासून पाणी गोठेपर्यंत पुन्हा एकदा. कॅनव्हासबॅक जातीच्या बदकांचे इतके मोठे थवे इथे आणि खालच्या एक-दोन जलाशयांवर जमतात की शरद ऋतूतले काही आठवडे या जातीचा मोठा हिस्सा याच पट्ट्यात मुक्कामाला असतो.

२००२ साली या पाण्यावर कूट मरू लागले. कूट म्हणजे आपल्याकडे उजनीवर किंवा जायकवाडीवर हिवाळ्यात दिसणाऱ्या वारकरी पक्ष्याचा अमेरिकी भाऊबंद. तसंच काळपट अंग, तशीच पांढरी चोच, तशीच पाण्यावर घोळक्याने हिंडायची सवय. आजारी पक्षी सुस्तावून पाण्यात खोल बसलेले दिसत. माणूस जवळ आला तरी त्यांना उडता येईना, बुडी मारता येईना. मग ब्लूबिल बदकंही मरू लागली. शिकारी ज्याला ब्लूबिल म्हणतात ते निळसर चोचीचं, बुडी मारणारं बदक आपल्या शेंडी बदकाच्या नात्यातलं.

पाणपक्ष्यांची सामूहिक मरतूक अमेरिकेला नवी नाही आणि तिचे नेहमीचे संशयितही ठरलेले आहेत. उन्हाळ्यात सडलेल्या गाळात तयार होणारं बॉट्युलिझमचं विष, दाटीवाटीत पसरणारा पक्ष्यांचा कॉलरा आणि गिळलेल्या छऱ्यांतून भिनणारं शिसं. शिशाच्या छऱ्यांवर पाणपक्ष्यांच्या शिकारीत १९९१पासून देशभर बंदी आहे, पण तळाच्या गाळात पडलेले जुने छरे कोण वेचणार? म्हणून पोटाचा पेषणीचा भाग अजूनही आधी तपासतात. अशा वेळी मेलेले पक्षी जातात मॅडिसनला, १९७५ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय वन्यजीव आरोग्य केंद्रात. या पक्ष्यांचं पोट उघडल्यावर उत्तर आतड्यातच मिळालं. आतड्याच्या अस्तराला जागोजाग व्रण पडलेले होते, आत रक्त साकळलेलं होतं. काही पक्ष्यांची आंधळी आतडी, म्हणजे लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावरच्या बंद तोंडाच्या दोन पिशव्या, सुजून जाड झालेल्या आणि पिवळट घट्ट साक्याने भरलेल्या होत्या. आणि अस्तराला चिकटलेले खसखशीच्या दाण्याएवढे कृमी होते. एक-दोन नव्हे, झुंडीच्या झुंडी.

हे पर्णकृमी होते. शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्याला पर्णकृमी सांगावा लागत नाही. पावसाळ्यानंतर यकृत पोखरणारा तो चपटा किडा त्याच्या ओळखीचा असतो. पक्ष्यांच्या आतड्यातले हे त्याचे दूरचे नातलग. ओनालास्काच्या मरतुकीत तीन जाती सापडल्या: स्फेरिडिओट्रेमा, सायथोकोटाइल आणि लेयोगोनिमस. यातल्या स्फेरिडिओट्रेमा ग्लोब्युलसचं पहिलं वर्णन एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कार्ल रुडोल्फी याने केलं होतं. स्टॉकहोममध्ये जन्मलेल्या आणि पुढे बर्लिनला प्राध्यापक झालेल्या या माणसाने असंख्य प्राण्यांची पोटं फाडून आतल्या कृमींची जंत्री केली आणि कृमिशास्त्र उभं केलं. म्हणजे युरोपातल्या बदकाच्या पोटात हा किडा आहे हे दोनशे वर्षांपासून ठाऊक होतं. पण त्याने बदक मरतं का, हा प्रश्न वेगळा होता आणि तो विचारायला आणखी शंभर वर्षं गेली.

कारण रानपक्ष्याच्या आतड्यात कृमी असणं ही रोजची गोष्ट आहे. धडधाकट बदक पकडून उघडलं तरी दोन-चार जातींचे कृमी निघतातच. तेव्हा मेलेल्या पक्ष्यात कृमी सापडले म्हणून कृमीनेच तो मेला, असं म्हणता येत नाही. हा पेच पहिल्यांदा नीट सोडवला गेला तो स्थलांतर न करणाऱ्या एका पक्ष्याच्या निमित्ताने, आणि त्यामागे शास्त्रापेक्षा शिकारीचा हंगाम जास्त होता.

स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडच्या माळांवर हीथर नावाच्या झुडपात रेड ग्राउस हा तितरासारखा पक्षी राहतो. १२ ऑगस्टला त्याच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो आणि व्हिक्टोरियन काळात त्या दिवसासाठी लंडनचे उमराव आगगाड्या भरून उत्तरेला जात. पण दर काही वर्षांनी ग्राउस पटापट मरत आणि माळ ओस पडे. १८७२-७३ची साथ फार मोठी होती. थॉमस स्पेन्सर कॉबोल्ड या कृमितज्ज्ञाने १८७३मध्ये पक्ष्याच्या आंधळ्या आतड्यातल्या केसासारख्या बारीक गोलकृमीकडे बोट दाखवलं. मग जंतुशास्त्राचे दिवस आले, आणि क्लाइन नावाच्या संशोधकाने हा रोग जिवाणूंचा असल्याचं ठासून सांगितलं. त्या काळात जिवाणू म्हटलं की लोक माना डोलवत. बिचारा कृमी मागे पडला.

शेवटी १९०५ साली लॉर्ड लोव्हॅट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. समितीसाठी माळावर फिरून पक्षी तपासायचं काम मिळालं एडवर्ड विल्सन या डॉक्टरला. तो नुकताच कॅप्टन स्कॉटबरोबर अंटार्क्टिकाहून परतला होता, उत्तम चित्रकार होता आणि कामाला वाघ होता. पुढच्या पाच वर्षांत त्याने सुमारे दोन हजार ग्राउस फाडून पाहिले. समितीने क्लाइनचे जिवाणू निकालात काढले. ते मेल्यानंतर शरीरात पसरणारे निघाले. रॉबर्ट लायपर याने कृमीचं जीवनचक्र उलगडलं: विष्ठेतून अंडी, अंड्यांतून अळ्या, त्या अळ्या दवाने ओल्या झालेल्या हीथरच्या शेंड्यावर चढतात आणि कोवळे शेंडे खुडणाऱ्या ग्राउसच्या पोटात जातात. सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष असा होता की कृमी जवळजवळ प्रत्येक ग्राउसमध्ये असतो. पक्ष्यांची दाटी झाली, खाणं तुटपुंजं पडलं आणि पोटातल्या कृमींची संख्या हजारांत गेली की मरतूक होते. मोजल्याशिवाय रोग ठरवता येत नाही, हे या अहवालाने दाखवून दिलं. तो १९११ साली छापून आला. विल्सन तेव्हा पुन्हा अंटार्क्टिकावर होता आणि मार्च १९१२मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना स्कॉटच्या तंबूत त्याचा अंत झाला. आपलं पुस्तक त्याने पाहिलंच नाही. पीटर हडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्राउसना जंताचं औषध पाजून त्यांच्या संख्येतली कोसळण रोखून दाखवली, त्याचा निकाल छापून आला तो १९९८मध्ये.

ग्राउसचं सगळं आयुष्य एका माळावर जातं, म्हणून त्याच्या पोटातला हिशोब महिनोन्महिने हळूहळू चढत जातो. प्रवासी पक्ष्याचं तसं नाही. तो एका पाण्यावर चार-आठ दिवस थांबतो, भुकेला असतो, आणि समोर येईल ते अधाशासारखं खातो. त्याचा हिशोब एका मुक्कामात पुरा होऊ शकतो. मिसिसिपीवर नेमकं हेच झालं, पण त्यासाठी आधी एक गोगलगाय समुद्र ओलांडून यावी लागली.

तिचं नाव बिथिनिया टेंटाक्युलाटा. जेमतेम सेंटिमीटर-सव्वा सेंटिमीटरची, तपकिरी शंखाची, युरोपातल्या तळ्यांत आणि कालव्यांत सर्रास आढळणारी. १८७१ साली ती लेक मिशिगनमध्ये सापडल्याची नोंद आहे. शिकागो जळून खाक झालं ते हेच वर्ष. ती कशी आली याबद्दल दोन तर्क आहेत. लाकडाच्या व्यापारातली रिकामी जहाजं तोल सांभाळायला जे बुडभरण आणत त्यातून, किंवा चिनीमातीची भांडी फुटू नयेत म्हणून पेटाऱ्यांत कोंबलेल्या पाणथळ गवतातून. मला दुसरा तर्क जास्त आवडतो, पण आवडण्याने काही सिद्ध होत नाही. आल्यानंतर मात्र तिने बस्तान बसवायला वेळ लावला नाही. महासरोवरं, त्यांना जोडणारे कालवे, मग नद्या. तिथल्या शहरांच्या पाणीपुरवठ्याच्या नळांत ती इतकी माजली की घरातल्या तोटीतून बाहेर पडू लागली, आणि अमेरिकेत तिचं नावच नळाची गोगलगाय असं पडलं. नगरपालिकांच्या लेखी तेव्हा ती पाणी तुंबवणारी कटकट होती, एवढंच.

याहून जास्त काही कुणाला सुचणंही शक्य नव्हतं. पर्णकृमींना गोगलगाय लागते, हे १८७१ साली कुणालाच सिद्ध करता आलेलं नव्हतं. डेन्मार्कच्या स्टीनस्ट्रुपने १८४२मध्ये या प्राण्यांच्या पिढ्या आळीपाळीने रूप बदलतात असं मांडलं होतं, पण मेंढीच्या यकृतातला पर्णकृमी कुठल्या गोगलगायीतून येतो हे इंग्लंडात ॲल्जर्नन थॉमस आणि जर्मनीत रुडॉल्फ लॉयकार्ट यांनी शोधलं ते १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला. गोगलगाय अमेरिकेत उतरली तेव्हा तिच्यावर पहारा ठेवण्याचं ज्ञानच जगात नव्हतं.

या साखळीत गोगलगाय किती निर्णायक असते, याचं एक उदाहरण कोकणात आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लघवीतून रक्त जाण्याचा विकार होता. गाडगीळ आणि शहा या डॉक्टरांनी १९५२मध्ये तो शिस्टोसोमा या पर्णकृमीचा असल्याचं जाहीर केलं. भारतात हा रोग असा ठाण मांडून बसल्याचं तोवर मानलं जात नव्हतं, कारण आफ्रिकेतली ती गोगलगाय इथे नाही. गिमवीच्या पाण्यात फेरिसिया नावाची एक चिमुकली, टोपीसारख्या शंखाची गोगलगाय कृमीला चालून गेली होती. कृमी कुठेही पोचू शकतो. पण त्याला पेलणारी गोगलगाय जिथे असेल तिथेच तो टिकतो.

बिथिनियाला तर या कृमींची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. पक्ष्याच्या आतड्यातला कृमी अंडी घालतो, ती विष्ठेतून पाण्यात पडतात. पुढचा टप्पा गोगलगायीच्या शरीरात. एका अंड्यातून आलेला जीव तिच्या पोटात शेकडो शेपटीवाल्या अळ्या तयार करतो. उन्हाळ्यात त्या पाण्यात सुटतात आणि दुसरा यजमान शोधतात. स्फेरिडिओट्रेमा आणि सायथोकोटाइल यांची हुशारी अशी की दुसरा यजमानही पुन्हा बिथिनियाच चालतो. अळ्या गोगलगायीत शिरून स्वतःभोवती कवच करतात आणि वाट पाहत पडून राहतात. लेयोगोनिमस मात्र दुसऱ्या टप्प्यासाठी पाण्यातल्या चतुरांसारख्या कीटकांच्या पिल्लांत जातो. कवचातली अळी थंडी काढते, बर्फाखालीही तगते. मग एप्रिलमध्ये ब्लूबिलांचा थवा उतरतो.

ब्लूबिलाचं मुख्य खाणंच शंखशिंपले. कूट एरवी वनस्पती खातो, पण प्रवासात त्यालाही प्रथिनं लागतात आणि तळाशी गोगलगायींची रास पडलेली असते. पेषणीत शंख चुरडला जातो, पाचकरसांनी अळीचं कवच विरघळतं आणि ती आतड्याच्या अस्तराला जाऊन भिडते. मरायला पुरेल इतका डोस पक्षी एका दिवसात खाऊ शकतो, आणि त्यानंतर तीन ते आठ दिवसांत तो मरतो. स्फेरिडिओट्रेमाने रक्तस्राव होऊन पक्षी पांढराफटक पडतो. सायथोकोटाइलने आंधळी आतडी निकामी होतात आणि पक्षी शुष्क होत जातो. दरम्यान कृमी काही दिवसांतच वयात आलेले असतात. म्हणजे पक्षी शेवटचे दिवस त्याच पाण्यावर काढतो तेव्हा त्याच्या विष्ठेतून पुढच्या हंगामाची अंडी त्याच गोगलगायींच्या अंगणात पडत असतात.

हे सगळं २००२मध्ये आकाशातून पडलं नव्हतं. इशारे आधी मिळाले होते. १९२८मध्ये वॉशिंग्टनजवळच्या पोटोमॅक नदीवर ब्लूबिल मेले. सरकारी कृमितज्ज्ञ एमेट प्राइस यांनी १९३४ साली स्फेरिडिओट्रेमाचा त्यात हात असल्याचं छापलं. पूर्व किनाऱ्यावर, विशेषतः न्यू जर्सीत, हा कृमी तिथल्या मूळच्या एका गोगलगायीतही आढळला आहे, त्यामुळे सगळा दोष बिथिनियाच्या माथी मारणं बरोबर नाही. पण पुढची मोठी नोंद तिचीच होती. १९६०च्या दशकात कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात सेंट लॉरेन्स नदीवर बदकं मेली. १९७२ साली गिब्सन, ब्रॉटन आणि शोकेट यांनी त्याचा अहवाल दिला, तेव्हा दोन कृमी एकत्र सापडले होते: ओळखीचा स्फेरिडिओट्रेमा आणि युरोपातून आलेला सायथोकोटाइल. पुढची वीस-पंचवीस वर्षं क्वेबेकच्या संशोधकांनी या जोडीचा पिच्छा पुरवला. कोणत्या महिन्यात गोगलगायीत किती अळ्या असतात, कोणतं बदक किती खातं, सगळं तपासलं. ओनालास्काच्या काठावर पुढे जे प्रश्न पडले त्यांतल्या बऱ्याचशांची उत्तरं तिथे आधीच लिहिलेली होती. नदी वेगळी, देश वेगळा, म्हणून असे अहवाल कपाटात राहतात.

तिसरा इशारा तर दारातच होता. १९९६च्या शरद ऋतूत विस्कॉन्सिनमधल्याच शावानो तळ्यावर हजारो कूट मेले. मॅडिसनच्या केंद्रातल्या कृमितज्ज्ञ रिबेका कोल यांना त्यांच्या आतड्यांत लेयोगोनिमस पॉलिऊन सापडला. पूर्व युरोपातल्या कूट आणि पाणकोंबड्यांचा हा कृमी उत्तर अमेरिकेत त्याआधी कधी नोंदला गेला नव्हता. कुठल्या तरी मार्गाने तो अटलांटिक ओलांडून आला आणि इथे शंभरहून अधिक वर्षं त्याची जुनी गोगलगाय वाट पाहत होती. तरीही शावानोची बातमी फार लांब गेली नाही. माझ्या मते त्याचं एक कारण कूट हेच आहे. त्याला शिकारी चिखलकोंबडी म्हणतात, त्याचं मांस फारसं कुणाला आवडत नाही, त्याच्यासाठी संघटना नाहीत, तिकिटांवर त्याची चित्रं नाहीत. ब्लूबिल मरायला लागल्यावर बोटींच्या धक्क्यांवर पाट्या लागल्या.

ओनालास्काला परत येण्याआधी त्या नदीचं थोडं पाहिलं पाहिजे, कारण मरतुकीला लागणारं ताट नदीने स्वतःहून वाढलेलं नाही. १९२०च्या दशकात लान्सिंग गावाजवळची विनेशीक नावाची मिसिसिपीकाठची विस्तीर्ण पाणथळ जमीन उपसून शेतीखाली आणण्याचा बेत होता. शिकागोतला विल डिल्ग हा जाहिरात व्यवसायातला आणि मासेमारीचा वेडा माणूस त्याविरुद्ध उभा राहिला. त्याचा मुलगा याच नदीत बुडून गेला होता. डिल्गने १९२२ साली शिकागोत काही मित्रांबरोबर आयझॅक वॉल्टन लीग ही संघटना सुरू केली, मासेमार, शिकारी आणि महिला मंडळं एकत्र आणली आणि वॉशिंग्टनला धडका दिल्या. ७ जून १९२४ रोजी राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी कायद्यावर सही केली. मिनेसोटातल्या वाबाशापासून इलिनॉयमधल्या रॉक आयलंडपर्यंत नदीचा २६१ मैलांचा पट्टा पक्षी आणि माशांसाठी राखीव झाला. डिल्ग १९२७ साली वारला. पर्यावरणाच्या इतिहासात इतका निर्भेळ विजय क्वचित मिळतो.

पण कायद्यानंतर सहाच वर्षांनी, १९३०मध्ये, काँग्रेसने त्याच नदीत बोटींसाठी नऊ फूट खोलीचा मार्ग मंजूर केला. लष्कराच्या अभियंत्यांनी दशकभरात दोन डझनांहून अधिक धरणं बांधली आणि वाहती नदी एकापुढे एक तळ्यांची माळ झाली. सुरुवातीला पक्ष्यांना ते मानवलं. उथळ पाण्यात रानसेलरी माजली आणि कॅनव्हासबॅक तिच्या कंदांवर तुटून पडली. नंतर लाटांनी बेटं झिजू लागली, गाळ उठू लागला, वनस्पती खुंटल्या. मग १९८०च्या दशकाच्या अखेरीस ओनालास्कात मुद्दाम बेटं बांधली गेली आणि ती वाहून जाऊ नयेत म्हणून त्यांच्या कडांना दगडी पिचिंग केलं. आपल्या धरणांच्या भिंतीवर असतं तसंच.

बिथिनियाला घट्ट, शेवाळलेला पृष्ठभाग आवडतो. ती दगडावरचं शेवाळ खरवडून खाते, आणि कमी पडलं तर पाणी गाळून त्यातलं सूक्ष्म अन्नही खाते. जेनिफर सॉअर, रिबेका कोल आणि जेम्स निसेन यांनी अभयारण्यातल्या मरतुकीचा जो तपास २००७ साली प्रसिद्ध केला, त्यात या गोगलगायीचा माग काढलेला आहे. पिचिंगचे दगड तिच्या सोयीचे ठरले. पाणवनस्पतींतही ती होतीच. पक्ष्यांसाठी राखलेलं शांत पाणी, पक्ष्यांसाठी जपलेली वनस्पती, पक्ष्यांसाठी बांधलेली बेटं. यातलं काहीही चुकीच्या हेतूने केलेलं नव्हतं आणि आजही मी त्या बेटांच्या विरोधात बोलणार नाही. पण नदीवरच्या वनस्पती खुंटल्यावर पक्ष्यांना उतरायला जागा मोजक्याच उरतात, आणि चांगल्या जागी सगळे उतरतात. स्कॉटलंडच्या समितीने दाटीबद्दल जे लिहिलं होतं ते मिसिसिपीवर अभयारण्याच्या हद्दीत खरं झालं.

२००२नंतरच्या सहा-सात वर्षांत वरच्या मिसिसिपीवर मेलेल्या पक्ष्यांचा अंदाज ५०,०००च्या वर गेला. अंदाजच, कारण प्रेतं लव्हाळ्यांत अडकतात, गरुड आणि गल ती खाऊन टाकतात, आणि कर्मचाऱ्यांच्या होडीला सापडतात ती त्यातली थोडी. ब्लूबिलांसाठी वेळही वाईट होती. १९७०च्या दशकात सत्तर लाखांच्या आसपास असलेली ब्लूबिलांची संख्या या सुमारास निम्म्यावर आली होती. त्याची कारणं इतरही आहेत आणि सगळं खापर कृमींवर फोडणारा शास्त्रज्ञ माझ्या वाचनात नाही. पण घटत चाललेल्या जातीला वाटेतल्या प्रत्येक मुक्कामाचा हिशोब लागतो.

आणि मग २००७च्या शरद ऋतूत मरतूक उत्तर मिनेसोटात पोचली. लेक विनिबिगोशिश हे मिसिसिपीच्या उगमाजवळचं प्रचंड सरोवर लीच लेक आरक्षणात, ओजिब्वे लोकांच्या मुलखात आहे. तिथेही १८८०च्या दशकात सरकारने धरण बांधलं होतं. खालच्या गिरण्यांना आणि बोटींना पाणी पुरावं म्हणून ओजिब्वेंची रानतांदळाची शेतं, वस्त्या आणि दफनभूमी पाण्याखाली घातल्या होत्या. त्या सरोवरावर २००७मध्ये सुमारे ७,००० ब्लूबिल आणि काहीशे कूट मेले, पुढच्या वर्षी आणखी २,०००च्या आसपास. गोगलगाय तिथे पोचलेली होती. ओनालास्कापासून हे ठिकाण नदीच्या वरच्या अंगाला शेकडो मैल, मध्ये धरणांची रांग. गोगलगाय प्रवाहाविरुद्ध एवढी चढून जात नाही. ती होडीच्या तळाला, नांगराच्या दोरीला, बदकांच्या शिकाऱ्याच्या गमबुटांना आणि नकली बदकांना बांधलेल्या वजनांना चिकटून जाते.

म्हणून गोगलगाय मारायची कशी, यावर प्रयोग झाले. निसर्गात तिला मारणं कुणाच्या हातात नाही. पाण्यात विष घालावं तर तिथले शिंपले आणि मासे आधी मरतील. निदान सामानावरची तरी मारावी. मिचेल आणि कोल यांनी २००८मध्ये निकाल छापले. बिथिनियाच्या शंखाला घट्ट झाकण असतं. काही बिनसलं की ती झाकण लावून आत बसते. त्या झाकणापुढे ब्लीचसारखी नेहमीची जंतुनाशकं फिकी पडली. उपयोग झाला तो गरम पाण्याचा: ५० अंश सेल्सिअस, किमान एक मिनिट. तेव्हापासून मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनच्या धक्क्यांवर शिकाऱ्यांना सांगितलं जातं की गमबूट घासा, होडीतलं पाणी तिथेच ओता, दोऱ्यांना लागलेलं शेवाळ काढा, आणि दुसऱ्या तळ्यावर जाण्याआधी सामान कढत पाण्याने धुवा किंवा पुरतं वाळवा. शिकाऱ्यांपैकी बरेच जण ते करतात. ओनालास्कावर बर्फ फुटल्यावर कर्मचारी अजूनही आजारी कूट शोधत फिरतात, काही वर्षी थोडे सापडतात, काही वर्षी फार.